इंदिराक्का आणि चोविसावं नाव

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता चामराजपेटेत इंदिराक्का जाधवांच्या घरी बैठक झाली. विषय होता छत्तीस हजार रुपयांचा. हजर चौघं: इंदिराक्का, मी, माझी बायको वैदेही आणि ओंकार. ओंकार मूळचा पुण्याचा, वय अठ्ठावीस, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. त्याने तीन मित्रांबरोबर एकत्र शिकण्याचं एक ॲप तयार केलं होतं आणि आमच्या जोडशाळेने ते वर्षभरासाठी घ्यावं असं त्याचं म्हणणं होतं. लोकांनी आपणहून दिलेल्या देणग्यांमधून शाळेची शिल्लक एकेचाळीस हजार तीनशे होती, म्हणजे परवडत होतं. हिशेब माझ्याकडे असतो, मी आकडे वाचून दाखवले. इंदिराक्का ताटात कढीपत्ता खुडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"यात लाइन कोण सोडतं?" त्यांनी ओंकारला विचारलं.

"म्हणजे?"

"दोघांना जोडून दिलं. मग मधला माणूस बाजूला होतो का नाही?"

"मधे माणूस नाहीच ना अक्का. ऑटोमॅटिक आहे. सिस्टीम करते सगळं."

"सरी. मग सिस्टीम बाजूला होते का?"

ओंकारने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. वैदेही हसली, आणि चहा आणायला आत गेली.

जोडशाळा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. बंगळूरात मराठी बोलणारे दोन तऱ्हेचे. एक इंदिराक्कांसारखे, ज्यांची घराणी इथे तीनशे-चारशे वर्षं राहतायत. ते घरात मराठी बोलतात, तिच्यात निम्मी कन्नड असते, आणि वाचतात फक्त कन्नड. देवनागरी पाटी दिसली की ते थबकतात. दुसरे आमच्यासारखे, मागून आलेले. मी निपाणीकडचा. मला भांडण्यापुरती कन्नड बोलता येते, पण बावीस वर्षं इथे राहून बसची पाटी वाचता येत नव्हती, नंबरावर भागत होतं. इंदिराक्कांनी या दोन तऱ्हेच्या माणसांच्या जोड्या लावल्या. आठवड्यातून दोनदा फोनवर चाळीस मिनिटं. दोघांसमोर तेच दोन कागद. पहिली वीस मिनिटं मी कन्नड ओळी वाचायच्या आणि पलीकडच्याने चुका सांगायच्या. उरलेली वीस मिनिटं त्याने देवनागरी वाचायची आणि मी चुका सांगायच्या. फी नाही, गुरुजी नाहीत. कागद इंदिराक्का हाताने लिहून, झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवायच्या.

त्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीस वर्षं गावोगावच्या लाइनी जोडण्यात गेली आणि ते काम त्यांच्या अंगातून काही गेलं नाही. आकडे सुटे सुटे बोलायच्या. भाजीवाल्याला म्हणायच्या, "चार-शून्य? नाही. तीन-पाच घे." तो कन्नडिगा, त्याच्याशी कन्नडमध्ये हेच, आणि तोही त्यांना "तीन-आठ, अम्मा" असंच उत्तर द्यायचा. लग्नाकार्यात त्यांची एक सवय फार अवघड होती. दोन अनोळखी माणसांना हाताला धरून समोरासमोर उभं करायचं, दोघांची नावं एकदाच स्पष्ट सांगायची, "बोला" म्हणायचं आणि सरळ निघून जायचं. वैदेहीला त्यांनी एकदा असंच एका निवृत्त शिंप्यासमोर उभं केलं. दोघंही बराच वेळ पानाच्या तबकाकडे बघत राहिले. शेवटी शिंप्याने ब्लाउजच्या बाहीचा विषय काढला. आज वैदेहीचे सगळे कपडे त्याच्याकडे जातात.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्या हसत सांगायच्या. त्यांच्या वरिष्ठाने एकदा बोलावून विचारलं, की अमुक व्यापारी रोज सोलापूरला काय बोलतो? यांनी सांगितलं, लाइन खराब असते, ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा वरिष्ठाने त्यांच्या रिपोर्टात 'कमी ऐकू येते' असा शेरा मारला आणि कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने कान उत्तम असल्याचा दाखला दिला. तो दाखला फाइलला लावायला त्यांनी नकार दिला.

"का?" मी विचारलं.

"ऐकू येतं हे कळलं असतं तर पुढं बोलावं लागलं असतं ना. बहिरी बरी."

मी त्यांना विचारलं होतं, की खरंच कधी ऐकलं नाही का? त्या म्हणाल्या, "कानावर पडतंच की हो अण्णा. पडलेलं उचलून घरी न्यायचं नाही."

या उत्तराने माझं समाधान झालं नाही. मी पंपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. नोंदीत तेवीस नग आणि फडताळात चोवीस निघाले, तर एक जास्त मिळाला म्हणून मी खूश होत नाही. कोणीतरी काहीतरी लपवलंय असं समजतो. बहुतेक वेळा ते खरं निघतं. आणि हिशेबासाठी इंदिराक्कांनी मला दिलेल्या यादीत नेमकं तेच होतं. जोड्या बारा, नावं तेवीस. सातव्या जोडीत 'सुशीला', तिच्यापुढे रेघ, आणि रेघेपुढे कोरं. इतरांचेही फोन नंबर यादीत नव्हते. ते फक्त त्यांच्या फोनमध्ये, आणि तिथेही नावाऐवजी १अ, १ब, २अ असे. आठ महिने मी शामरावांबरोबर शिकत होतो आणि शामरावांचा नंबर मला ठाऊक नव्हता. वेळ झाली की इंदिराक्कांचाच फोन यायचा, त्या दुसरा फोन लावून त्याला जोडायच्या, "शामराव, हे देसाई. बोला" म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. तेवढ्यावर माझा विश्वास होता. मग एका मंगळवारी मी 'म' आणि 'व' यांच्यात अडकलेला असताना (कन्नडमध्ये ही दोन अक्षरं एकमेकांची भावंडं वाटतात) लाइनवर कुकरची शिट्टी झाली.

"अण्णा, तुमच्याकडं कुकर लावलाय?" शामरावांनी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे?"

"आज शेजारून सारू-भात आलाय. स्वैपाकच नाही."

मग दोघांनीही कुजबुजत वाचायला सुरुवात केली, जणू आमच्या अक्षरओळखीत काही गुपित होतं.

म्हणजे त्या लाइनवर असतात. बहिरेपणाची गोष्ट सांगणारी बाई चाळीस मिनिटं आमचं ऐकते, नंबर कोणाला देत नाही, एक नाव लपवते. मी वैदेहीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुमच्या 'म' आणि 'व' चं त्या काय करणार आहेत? विकणार आहेत?"

पण शंका उत्तर नाही म्हणून जात नाही.

ओंकारच्या ॲपचा विषय निघाला तो या पार्श्वभूमीवर. मला वाटलं, चला, आता सगळं उघड्यावर येईल. यादी सगळ्यांना दिसेल, कोण किती शिकलं दिसेल, बेरीज जुळेल. पण पैसे देण्याआधी आम्हाला काय काय हवं ते लिहून द्यावं असं बैठकीत ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी वही घेऊन तीन संध्याकाळी इंदिराक्कांकडे बसलो.

"ॲपमध्ये काय असावं, सांगा."

"कळलं नाही म्हणायची सोय पाहिजे. मोठी. सगळ्यात वर."

"ती आहे. प्रश्न विचारा म्हणून बटण आहे."

"प्रश्न वेगळा. प्रश्न विचारायला स्वल्प तरी कळलेलं लागतं. मी म्हणते, काहीच कळलं नाही, त्याचं. आणि ते दाबलं की जोडीदारालाच दिसावं. बाकी कोणाला नाही."

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. जोडशाळेच्या आधी आमचा फोनवर एक मोठा ग्रुप होता. पहिल्या महिन्यात त्यात एक हजार एकशे शेहेचाळीस संदेश आले, अभ्यासाचे एकतीस. बाकी सुप्रभात, वाढदिवस आणि कोणाच्या तरी गावच्या जत्रेचे फोटो. त्यात एका बाईने विचारलं होतं, की कन्नड 'म' आणि 'व' सारखेच का दिसतात. सहा जणांनी हसणारे चेहरे टाकले, वाईट हेतूने नव्हे. इंदिराक्कांनी तेव्हा मला विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही मोजता ना सगळं? त्या बाईंनी यानंतर किती प्रश्न विचारले ते मोजा." मी मोजले. शून्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रुप बंद केला.

"पुढे?" मी वहीत लिहीत होतो.

"कोण जागं आहे, कोण आत्ता फोनवर आहे, ते दिसायला नको. पहिला-दुसरा नंबर बेडा, नकोच. कोणाला जोडीदार बदलायचा असेल तर बदलून द्यावा, का म्हणून विचारू नये. केलेल्या चुका आठ दिवसांनी पुसाव्यात."

"चुका ठेवल्या तर प्रगती कळते."

"ज्याची त्याला कळते की."

"आणि चांगलं काय? आकर्षक काही? लोक येतील असं?"

त्यांनी बराच विचार केला. "दुसरा माणूस वेळेवर आला पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी कोणी वाट बघतंय, एवढं असलं की माणूस शिकतो. ते ॲपमध्ये घालता येतं का विचारा त्याला."

ओंकारने माझी तीन पानं वाचली. मुलगा प्रामाणिक होता, चिडला नाही. "काका, हे सगळं काढलं तर ॲपमध्ये उरतं काय?"

"दोन माणसं आणि चाळीस मिनिटं," इंदिराक्का म्हणाल्या.

"मग त्याला छत्तीस हजार कोण देणार?"

"तेच मी म्हणते."

शेवटी तोडगा निघाला, की ज्यांना हवं त्यांनी एक महिना फुकट वापरून पाहावं. इंदिराक्कांनी स्वतःपुरतं नको म्हटलं, दुसऱ्यांना अडवलं नाही.

त्याच आठवड्यात मी न कळवता त्यांच्या घरी गेलो. कारण सांगायचं तर झेरॉक्सचे कागद द्यायला. खरं म्हणजे त्या लाइनवर काय करतात ते बघायला. दुपारचे चार वाजले होते, नवव्या जोडीची वेळ. इंदिराक्का घराबाहेर पायरीवर बसून समोरच्या दुकानातली गर्दी बघत होत्या. घरात फोन वाजत नव्हता, बोलण्याचा आवाज नव्हता.

"जोडी नऊ?" मी विचारलं.

"चाललीय."

"फोन कुठे आहे?"

"तांदळाच्या डब्यात."

मला वाटलं थट्टा आहे. त्यांनी आत नेऊन दाखवलं. झाकण लावलेला स्टीलचा डबा, त्यात एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेला फोन. जोडणाऱ्याने फोन ठेवला तर दोघांचीही लाइन तुटते, म्हणून ठेवता येत नाही. आणि हातात ठेवला तर ऐकू येतं. म्हणून डबा. आधी त्या फोन स्वैपाकघरातल्या फळीवर ठेवून बाहेर बसायच्या. शामरावांनी कुकरची तक्रार केल्यापासून डब्यात. त्यांना अजून काळजी होती ती वेगळीच: "तुमच्या धड्यात शिट्टीचा त्रास झाला ना?"

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. बारा जोड्या, आठवड्यातून दोन वेळा, चाळीस मिनिटं. नऊशे साठ मिनिटं. आठवड्याला सोळा तास ही बाई स्वतःच्या फोनपासून लांब, पायरीवर बसते.

"नंबर देऊन टाका ना एकमेकांना," मी म्हणालो. "सुटाल."

"सोळा बायका आहेत यात, अण्णा. त्यांना सांगून ठेवलंय, नंबर कोणाकडं जाणार नाही. म्हणूनच आल्या."

त्या दिवशी मला शरम वाटली, पण पुरेशी नाही. कारण तरीही मी विचारलं, "आणि ती चोविसावी?"

त्यांनी नाव सांगितलं नाही, बाकी सांगितलं. माझ्याच भागातली, मराठी शाळेत शिकलेली. आनेकलजवळ एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं तयार होतात, तिथे ती लाइनवरच्या आठ बायकांची प्रमुख. नोकरी मागताना कन्नड वाचता येतं म्हणून सांगितलं होतं. येत नव्हतं. मशिनजवळ रोज नव्या सूचनांचं कन्नड पत्रक लागतं. आदल्या संध्याकाळी ती त्याचा फोटो काढून इंदिराक्कांना पाठवते, त्या तो पुढे पाठवतात, सातव्या जोडीतल्या सुशीलाक्का सकाळी सातला तिला ते फोनवर वाचून दाखवतात, आणि ती पाठ करून कामावर जाते. चौदा महिने असं चाललेलं. त्याबरोबर अक्षरंही शिकतेय, जोडाक्षरांपर्यंत आलीय. कारखान्यात कळलं तर प्रमुखपद जाणार, आणि त्या जास्तीच्या पैशावर तिच्या धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललेलं.

"हे बरोबर नाही," मी म्हणालो. "मशिनचं काम आहे. उद्या कोणाचं बोट गेलं तर?"

"म्हणून तर सातला उठून वाचून घेते. तुमच्या कारखान्यात पत्रक वाचून मशीनला हात लावणारे किती?"

मी झेरॉक्सचे कागद त्यांच्या हातात दिले आणि निघालो.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती मी बदलून सांगणार नाही. जुलैत इंदिराक्कांच्या फोनमधली जागा संपली. फोन सारखा अडायला लागला. त्यांनी तो माझ्या हातात दिला: "तुम्ही गोदामवाले. स्वल्प साफ करून द्या." मी चारशेबारा सुप्रभाताची चित्रं काढून टाकली. जागा झाली. मग मी त्यांना न विचारता ओंकारचं ॲप त्यात घातलं. मनाशी म्हटलं, नुसतं दाखवायला. पाहिलं तर आवडेल. ॲपने विचारलं, तुमच्या ओळखीचे लोक शोधू का? मी 'परवानगी द्या' दाबलं. मला ती चोविसावी कोण ते हवं होतं. एवढंच खरं आहे.

इंदिराक्कांच्या नावाने एकसष्ट जणांना आमंत्रण गेलं, त्यात दूधवालाही होता. अक्कांनी बोलावलंय म्हणून दोन दिवसांत शाळेतले बरेच जण आले. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये इंदिराक्कांच्या '७ब'च्या जागी नाव उगवलं: सविता, आनेकल. (नाव मी इथे बदललंय. खरं मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असायला नको होतं.) मी माझ्या यादीतल्या कोऱ्या जागी पेन्सिलीने ते लिहिलं. चोवीस. त्या रात्री मला छान झोप लागली.

ॲपला मात्र सविताच्या फोनमधली माणसंही हवी होती. तिनेही, अक्कांचं आहे म्हणून, परवानगी दिली. शुक्रवारी सकाळी तिच्या फोनमधल्या प्रत्येकाला निरोप गेला: 'सविता कन्नड अक्षरओळख, पातळी पहिली शिकत आहे. तिला शाबासकी द्या.' अकरा जणांनी शाबासकी दिली. बारावा निरोप तिच्या शिफ्टच्या मॅनेजरचा होता. त्यात फक्त प्रश्नचिन्ह होतं.

ओंकारने दुपारपर्यंत ते सगळं बंद केलं. "काका, हे बाय डिफॉल्ट चालूच असतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "लोकांना आवडतं म्हणून ठेवतात सगळेच."

इंदिराक्कांचा मला फोन आला तो संध्याकाळी. आवाज नेहमीचा. "उद्या अर्धी रजा टाका अण्णा. आनेकलला जायचंय."

मार्केटच्या स्टँडवरून आम्ही बस धरली. बायकांना बस फुकट, त्यामुळे त्यांचं तिकीट शून्य रुपयांचं आणि माझं पैशाचं. त्यांनी शून्याचं तिकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. चंदापुरापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथे बस वळली तेव्हा म्हणालो, "अक्का, ती परवानगी मी दिली."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"माझ्या फोनला दुसरा कोणाचा हात लागलाय? मीच दिला तुम्हाला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "इतकी वर्षं किल्ली कोणाला दिली नव्हती. साफ करायचं म्हणून दिली. अर्धी चूक माझी."

मी म्हणालो, तसं नाही, पूर्ण माझी. त्यांनी वाद घातला नाही.

कारखान्याच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर मॅनेजर आला. चाळिशीचा, थकलेला, वाईट नसलेला माणूस. सविता त्याच्या मागे दोन पावलं उभी होती, टोपी हातात. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती लहान दिसत होती.

"खोटं बोलली, अम्मा," तो इंदिराक्कांना कन्नडमध्ये म्हणाला. "चौदा महिने. मी वर काय सांगू?"

"खोटं बोलली, खरं आहे," इंदिराक्का म्हणाल्या. "चौदा महिन्यांत तिच्या लाइनवर अपघात किती?"

तो म्हणाला, "एकही नाही. पण हा मुद्दा नाही."

"नाही," इंदिराक्कांनी लगेच मान्य केलं. "मुद्दा वाचण्याचा आहे. आठ दिवस द्या. तुम्ही निवडाल ते पत्रक, तुमच्यासमोर वाचेल. नाही जमलं तर तुमचं बरोबर."

सविता मला ओळखत नव्हती. मी पुढे होऊन माझं नाव सांगितलं, आणि ॲपवर तुमचं नाव माझ्यामुळे गेलं हेही. ती म्हणाली, "तुम्ही देसाई होय? शामराव अण्णांचे?" बाकी काही नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ते आठ दिवस इंदिराक्कांनी दुसऱ्या सगळ्या जोड्यांना सुट्टी दिली. सकाळी सातला सुशीलाक्का, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं शामराव, संध्याकाळी परत सुशीलाक्का. माझ्या कारखान्यातली जुनी कन्नड पत्रकं मी आणून दिली, सतरा निघाली. त्यांवरची मशीनची नावं वेगळी, पण 'थांबवा', 'हात लावू नका', 'तापमान' सगळीकडे तेच. मला धडा घेऊ दिला नाही. "तुम्ही कागद आणा," इंदिराक्का म्हणाल्या. कन्नडमधली जोडाक्षरं अक्षराच्या पायाशी लटकतात, आणि ती लटकलेली खूण बऱ्याचदा मूळ अक्षरासारखी दिसतच नाही. सविता तिथेच अडायची. सुशीलाक्कांनी तिला प्रत्येक खुणेला गावाकडच्या एकेका भांड्याचं नाव द्यायला सांगितलं. ही कळशी, हा झारा. तिसऱ्या दिवशी, म्हणे, ती झाऱ्यावर अडेना.

पुढच्या शनिवारी तिने मॅनेजरसमोर अकरा ओळींचं पत्रक वाचलं. चार मिनिटं लागली. दोन ठिकाणी थांबली, एक शब्द चुकून परत येऊन दुरुस्त केला. मॅनेजरने कागद घडी केला आणि सांगितलं, वाचता येतं. पण खोटं सांगितल्याचं काही तरी करावं लागेल. दोन महिने मदतनीस म्हणून काम, मग परत प्रमुख. दोन महिन्यांचे जास्तीचे पैसे गेले: दीड हजार अधिक दीड हजार.

सप्टेंबरच्या शेवटी ती परत प्रमुख झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये मी तीन हजार रुपये तिला द्यायचं ठरवलं. नंबर पाहिजे, पैसे पाठवतो, असं मी इंदिराक्कांना म्हणालो.

"नंबर कशाला? पाकिटात आणा."

"अक्का, फोनवरून दोन सेकंदांत जातात."

"जातात हो. सगळंच जातं."

मी पाकीट घेऊन गेलो तेव्हा त्या आनेकलला निघण्याच्या तयारीत होत्या. मला बरोबर चला म्हणाल्या नाहीत. माझी यादी मागितली. मी दिली. पेन्सिलीने लिहिलेलं नाव त्यांनी खोडरबराने पुसलं, सावकाश, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने ताणून धरून. मग यादी मला परत दिली. तिच्यावर तेवीस नावं होती. मी त्यांना मार्केटच्या स्टँडपर्यंत सोडलं. बसमध्ये चढून त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली, पर्स मांडीवर ठेवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. दिवाळीनंतर त्या मुलाकडे धारवाडला गेल्या. जोड्या आता सुशीलाक्का लावतात. मला फोन वेळेवर येतो, पण यादी मी मागत नाही.

ओंकारच्या कंपनीला काही दिलं नाही, त्यानेही मागितलं नाही. माझ्या खिशातून तीन हजार रुपये, रोख, इंदिराक्कांच्या हस्ते, सविता यांना. पाकीट पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पोस्टाने पावती आली होती. रेघांच्या कागदावर चार ओळी, कन्नडमध्ये, तिच्या हाताच्या. ती वाचायला मला सहा मिनिटं लागली: दोन महिन्यांची भरपाई मिळाली, आणखी काही येणं नाही.